गोव्याला खासदार दोन की एक? जागावाटपाचं गणित सोप्या भाषेत

देशाच्या जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ अशी ठरली आणि तेव्हापासून लोकसभेच्या जागा परत वाटणार, दक्षिणेकडच्या राज्यांचं वजन कमी होणार, उत्तरेकडच्यांचं वाढणार ही चर्चा काही थांबत नाहीय. टीव्हीवर ती तामिळनाडू विरुद्ध उत्तर प्रदेश अशी चालते, गोव्याचं नाव सहसा कोण घेत नाही. पण आकडेमोड करून बघितली तर दचकायची पाळी आपल्यावरच येते. २०११ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १२१ कोटी, खासदार ५४३, म्हणजे एका खासदारामागे सरासरी २२ लाख ३० हजार माणसं. गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार ५४५. भागाकार केला की येतं ०.६५. नुसत्या लोकसंख्येवर गेलं तर आपल्याला एक खासदार मिळतो, आणि आपल्याकडे आहेत दोन.

मग एक जाणार का? तसं जायलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, का ते पुढे येईलच. पण खरं सांगायचं तर मला त्या दुसऱ्या खासदारापेक्षा आपल्या विधानसभेच्या ४० जागांची काळजी जास्त वाटते, कारण पाणी, रस्ता, शाळा, जमिनीचं झोनिंग हे सगळं तिथे ठरतं आणि त्या ४० मतदारसंघांच्या रेषा परत काढायची वेळ येते तेव्हा सामान्य माणसाचं लक्ष दिल्लीच्या आकड्यांवर असतं. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र समजून घेऊया.

दोन वेगळी कामं, एकच नाव

पेपरात 'डिलिमिटेशन' किंवा 'मतदारसंघ पुनर्रचना' असं छापून येतं त्यात खरं तर दोन कामं असतात. पहिलं काम वाटपाचं, म्हणजे एकूण जागा किती आणि त्यातल्या कुठल्या राज्याला किंवा जिल्ह्याला किती. दुसरं काम रेषा काढायचं, म्हणजे एवढ्या जागा मिळाल्या तर कुठला गाव कुठल्या मतदारसंघात. पहिल्या कामावर देशभर भांडण होतं कारण आकडा सगळ्यांना दिसतो. दुसऱ्यावर फारसं कोण बोलत नाही, कारण त्यासाठी नकाशा घेऊन बसावं लागतं.

तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच आहे, एका माणसाच्या मताला जेवढं वजन तेवढंच दुसऱ्याच्या मताला. एका मतदारसंघात २० हजार लोक आणि बाजूच्यात ४० हजार, आणि दोघांनाही एकेकच आमदार, तर दुसऱ्या ठिकाणच्या माणसाचं मत अर्ध्या किमतीचं झालं. त्याने काही चूक केलेली नाही, फक्त त्याचं घर रेषेच्या पलीकडे आहे.

एवढी वर्षं जागा बदलल्या का नाहीत?

संविधानात मूळ कल्पना अशी की दर दहा वर्षांनी जनगणना होणार आणि त्यानंतर जागा नव्याने वाटल्या जाणार. पण १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने हे वाटप गोठवलं. त्या काळात कुटुंबनियोजनाचा जोर होता, आणि ज्या राज्यांनी लोकसंख्या आवरली त्यांच्याच जागा कमी झाल्या तर उद्या कोण कशाला आवरेल असा मुद्दा होता. तेव्हा १९७१ चे आकडे धरले आणि २००० सालापर्यंत हात लावायचा नाही असं ठरलं. ती मुदत संपत आल्यावर ८४ व्या घटनादुरुस्तीने अजून पुढे ढकललं, २०२६ नंतरची पहिली जनगणना होईपर्यंत. म्हणजे ज्या वर्षी देश ५५ कोटींच्या आसपास होता त्या वर्षीच्या हिशोबाने आजही राज्याराज्यांत खासदार वाटलेले आहेत.

मधल्या काळात काय झालं ते बघा. २०११ च्या आकड्यांनी राजस्थानात एका खासदारामागे २७ लाख लोक येतात, उत्तर प्रदेशात २५ लाख, तामिळनाडूत साडेअठरा लाख, केरळात पावणेसतरा लाख. आपल्या गोव्यात ७ लाख २९ हजार. म्हणजे लोकसभेपुरतं बोलायचं तर गोव्यातल्या एका माणसाच्या मताचं वजन उत्तर प्रदेशातल्या माणसाच्या साडेतीन पटीच्या जवळ जातं, हे आपण मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे, नाहीतर आपला युक्तिवाद कोण ऐकणार नाही.

गोठवणं फक्त किती जागा कुणाला यापुरतं होतं. राज्याच्या आतल्या रेषा बदलायला ८४ व्या घटनादुरुस्तीनेच परवानगी दिली होती आणि २००३ च्या ८७ व्या घटनादुरुस्तीने त्यासाठी २००१ ची जनगणना धरायला सांगितली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने ते काम केलं, २००८ साली आदेश निघाला, आणि गोव्यात विधानसभेची २०१२ ची निवडणूक पहिल्यांदा त्या नव्या रेषांवर झाली. आज आपण ज्या मतदारसंघात मत टाकतो तो त्यातलाच.

अपूर्णांकाचं काय करायचं?

लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा म्हणणं सोपं आहे, पण प्रमाण काढलं की उत्तर पूर्ण आकड्यात येत नाही. ०.६५ खासदार संसदेत बसू शकत नाही. एक तर शून्य, नाहीतर एक. हा प्रश्न इतका साधा दिसतो आणि इतका त्रास देतो की त्यावर दोनशे वर्षं गणितज्ञ आणि राजकारणी भांडतायत.

भाटातले, म्हणजे बागेतले, नारळ तीन घरांनी माणसांच्या प्रमाणात वाटून घ्यायचेत असं समजा, आणि नारळ फोडायचा नाही. दोन घरांत सात-सात माणसं, तिसऱ्यात दोन, एकूण सोळा. नारळ आहेत तीन. हिशोबाने मोठ्या घरांना १.३१ आणि १.३१, लहान घराला ०.३७५. आधी पूर्ण आकडे देऊन टाकले, मोठ्या घरांना एकेक, लहान घराला काही नाही. एक नारळ उरला तो ज्याचा अपूर्णांक सगळ्यात मोठा त्याला द्यायचा अशी पद्धत ठरवली तर ०.३७५ हा ०.३१ पेक्षा मोठा, म्हणून तो लहान घराला गेला. तिघांना एकेक, सगळे खूश. आता पाडेल्याने अजून एक नारळ काढला, झाले चार. हिशोब परत केला, मोठ्यांना १.७५ आणि १.७५, लहानाला ०.५. पूर्ण आकडे दिले, एक, एक आणि शून्य. दोन उरले, ते मोठ्या अपूर्णांकांना, म्हणजे दोन्ही मोठ्या घरांना. शेवटी दोन, दोन, शून्य. नारळ वाढले, कुणाच्या घरात माणूस वाढला नाही की कमी झाला नाही, तरी लहान घराच्या हातात होता तो एक नारळसुद्धा गेला.

हे पुस्तकी कोडं नाहीय. अमेरिकेत १८८० च्या जनगणनेनंतर नेमकं हेच हाताला लागलं. त्यांच्या प्रतिनिधिगृहात २९९ जागा ठेवल्या तर अलाबामा राज्याला ८ मिळत होत्या आणि ३०० केल्या तर ७. गणितात याला अलाबामाचा विरोधाभास म्हणतात. पुढे त्यांनी ही पद्धत सोडली आणि १९४१ पासून दुसरी वापरतात, ज्यात असा उलटा प्रकार होत नाही. पण दुसऱ्या पद्धतींत दुसऱ्या अडचणी आहेत. मिशेल बालिन्स्की आणि पेटन यंग या दोघांनी सिद्धच करून दाखवलं की असले विरोधाभास टाळणारी आणि त्याच वेळी प्रत्येकाला त्याच्या हिशोबाच्या मागच्या-पुढच्या पूर्ण आकड्यातच ठेवणारी अशी पद्धत असूच शकत नाही. म्हणजे वाटप पूर्ण निर्दोष करून दाखवा अशी मागणी कुणाकडेच करता येत नाही. मागणी करायची तर ती ही की पद्धत आधी सांगा, आकडे नंतर बघा. आकडे हातात आल्यावर पद्धत निवडली की शंकेला जागा राहते.

उत्तर गोव्याला २३ आणि दक्षिण गोव्याला १७ कुठून आल्या?

हे मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं कारण यात आपलं घर आहे. २००१ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १३ लाख ४७ हजार ६६८. आमदार ४०. म्हणजे एका आमदारामागे ३३ हजार ६९२ माणसं. उत्तर गोवा जिल्ह्याची लोकसंख्या ७ लाख ५८ हजार ५७३, दक्षिणेची ५ लाख ८९ हजार ९५. भागाकार करा. उत्तरेला २२.५१५, दक्षिणेला १७.४८५. अर्ध्याच्या वर असेल तर पुढचा आकडा, खाली असेल तर मागचा, असं केलं की उत्तर २३ आणि दक्षिण १७. प्रत्यक्षात वाटपही तेच झालं.

पण ते ०.५१५ आणि ०.४८५ परत एकदा बघा. नेमक्या अर्ध्याच्या रेषेपासून अंतर माणसांत मोजलं तर ५१० भरतं. उत्तरेत मोजलेली पाचशे-सव्वापाचशे माणसं दक्षिणेत मोजली गेली असती, म्हणजे एखादी मोठी वसाहत किंवा दोन-तीन वाडे, तर आकडा २२ आणि १८ झाला असता. विधानसभेत बहुमताला २१ लागतात आणि इथे एक-दोन आमदारांवर सरकारं फिरलेली आपण पाहिलीयत, तिथे एक अख्खा मतदारसंघ कुठल्या जिल्ह्यात जाणार हे इतक्या थोड्या माणसांवर ठरलं. अमेरिकेत २०२० च्या जनगणनेनंतर न्यूयॉर्क राज्याची एक जागा फक्त ८९ माणसं कमी पडल्यामुळे गेली, तेव्हा हे आपल्याकडेच होतं असंही नाही.

आता हाच हिशोब २०११ च्या आकड्यांवर करा. उत्तर ८ लाख १८ हजार ८, दक्षिण ६ लाख ४० हजार ५३७. सरासरी ३६ हजार ४६४. उत्तरेला येतात २२.४३ आणि दक्षिणेला १७.५७. म्हणजे दहा वर्षांनी निकाल उलटा झाला, २२ आणि १८. पण रेषा २००१ च्याच राहिल्या म्हणून जागाही तशाच राहिल्या. पुढे फोंडा तालुका उत्तर जिल्ह्यातून काढून दक्षिणेला जोडला गेला, त्यामुळे पुढच्या वेळी जिल्हावार हिशोब सुरुवातच वेगळ्या आकड्यांनी होईल. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, जिल्ह्याची सीमा हलवली की जागांचा अपूर्णांक हलतो. जिल्हा हा वरवर बघता कलेक्टर ऑफिस आणि तलाठी-मामलेदारांचा विषय, पण वाटप जिल्हावार होत असेल तर तो निवडणुकीचाही विषय होतो.

म्हणूनच जनगणनेत आपलं घर मोजलं गेलं की नाही हे बघणं फार महत्त्वाचं आहे. प्रगणक आला तेव्हा दार बंद होतं, नंतर कोण आलंच नाही, असं बऱ्याच घरांचं होतं, आणि एका घराने काय फरक पडतो असं वाटतं. फरक किती लहान आकड्यावर पडतो ते वर आलंच आहे.

मग लोकसभेतली दुसरी जागा?

गोव्याला दोन खासदार हे मुक्तीनंतर लगेच मिळाले, तेव्हा गोवा, दमण आणि दीव एकत्र होते. १९८७ साली गोवा राज्य झालं, दमण आणि दीवला वेगळी जागा मिळाली, आपल्या दोन तशाच राहिल्या. संविधानाच्या कलम ८१ मध्ये सगळ्या राज्यांत जागा आणि लोकसंख्या यांचं प्रमाण शक्य तितकं सारखं ठेवा असं म्हटलंय, पण त्यालाच एक अपवाद जोडलाय, ज्या राज्याची लोकसंख्या ६० लाखांच्या वर नाही त्याला हा नियम लागू होत नाही. गोवा त्यात सहज बसतो. म्हणजे आपली दुसरी जागा कायद्याच्या विरुद्ध नाही, पण कायद्याने ती पक्की करून दिलेलीही नाही, ती संसदेच्या मर्जीवर आहे.

लोकसभेच्या एकूण जागा वाढवल्या की प्रश्न सुटेल असंही बरेच जण म्हणतात, कुणाचं काही काढायचं नाही, फक्त ज्यांना कमी आहेत त्यांना जास्त द्यायच्या. नव्या संसद भवनात लोकसभेच्या सभागृहात ८८८ जणांची सोय आहे, तो आकडा धरून बघू. २०११ च्या लोकसंख्येने ८८८ जागांत गोव्याचा वाटा येतो १.०७. म्हणजे इतकं मोठं सभागृह करूनही हिशोबाने आपल्याला एकच. दोन जागा लोकसंख्येच्या जोरावर मिळवायच्या तर वाटा निदान दीडपर्यंत यायला हवा, म्हणजे सभागृह साडेबाराशेच्या घरात न्यावं लागेल. आणि आपल्या दोन तशाच ठेवून बाकीच्यांच्या वाढवल्या तर? काढलं काहीच नाही, पण ५४३ मधले दोन आणि ८८८ मधले दोन हे सारखं नव्हे. वजन घटलंच.

'आम्ही लोकसंख्या आवरली, मग शिक्षा आम्हाला का?'

हा प्रश्न रास्त आहे आणि तो फक्त चेन्नईवाल्यांचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यात एका बाईमागे सरासरी १.३ मुलं असा आकडा आला, देशातल्या सगळ्यात कमी आकड्यांपैकी एक. २००१ ते २०११ मध्ये गोव्याची लोकसंख्या ८ टक्क्यांनी वाढली, देशाची पावणेअठरा टक्क्यांनी. वर आपली कितीतरी माणसं लिस्बनला, लंडनला, आखातात, बोटीवर. ती इथल्या मोजणीत येत नाहीत.

पण दुसऱ्या बाजूनेही एक प्रश्न आहे आणि त्याला टाळून चालत नाही. राजस्थानातल्या किंवा बिहारमधल्या विशीतल्या मुलीचं मत कमी किमतीचं का असावं? तिच्या आजी-आजोबांच्या पिढीत किती मुलं झाली यात तिचा काय दोष? राज्य म्हणून बघितलं तर एक उत्तर येतं, माणूस म्हणून बघितलं तर दुसरं. माझं स्वतःचं मत असं की लोकसभेत माणसाला माणूस म्हणून मोजावं आणि लहान राज्यांना एक किमान हमी द्यावी, उघड आणि लेखी. युरोपीय संसदेत हेच केलंय, कुठल्याही देशाला सहापेक्षा कमी नाहीत आणि ९६ पेक्षा जास्त नाहीत. पाच लाखांच्या मागेपुढे असलेल्या माल्टाला सहा आणि आठ कोटींच्या वरच्या जर्मनीला ९६. लोकसंख्येने बघाल तर माल्टाला भरपूर झुकतं माप आहे, पण ते सगळ्यांनी आधी बसून मान्य केलेलं आहे. आपल्याकडेही लक्षद्वीपला ६४ हजार लोकांवर एक खासदार आहेच आणि त्याबद्दल कोण तक्रार करत नाही, कारण बेटांचा आवाज नसेल तर त्यांचं कोण बोलणार हे सगळ्यांना पटतं.

राज्यसभा लहान राज्यांसाठी आहे ना, असं कोणी म्हणेल. अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन, लहान असो की मोठं. आपली राज्यसभा तशी नाही. तिथे उत्तर प्रदेशचे ३१ आणि गोव्याचा एक. लोकसभेत कमी पडलं तर तिथे भरून निघेल असं आपल्याकडे होत नाही.

'मतदारच मोजा ना, माणसं कशाला?'

गोव्यात हा मुद्दा बाहेरून आलेल्या लोकांवरून निघतो. किनारपट्टीला, वास्कोला, औद्योगिक वसाहतींच्या आसपास कामाला आलेली माणसं जनगणनेत मोजली जातात, त्यातल्या अनेकांचं मत गावी असतं. मग त्यांच्या जिवावर त्या भागाला जास्त आमदार का, आणि सत्तरी-सांग्याला कमी का?

मला वाटतं की माणसं मोजणंच बरोबर. आमदार फक्त मत देणाऱ्यांचा नसतो. सहा वर्षांच्या पोराला मत नाही पण शाळा पाहिजे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराचं मत दुसऱ्या राज्यात असेल, पण तो पाणी इथलं पितो, कचरा इथे करतो, दवाखान्याच्या रांगेत इथेच उभा राहतो. त्या भागावरचा ताण खरा आहे, तर त्याचं प्रतिनिधित्वही खरं पाहिजे. आणि नुसते मतदार मोजायचे ठरवलं तर यादीत नावं घुसवायला एक नवं कारण मिळेल, याद्यांवरची भांडणं आहेत तीच पुरे.

तरी मतदारांचे आकडे बघणं उपयोगाचं असतं, कारण रेषा जुन्या झाल्या की तिथेच पहिल्यांदा दिसतं. २०२२ च्या निवडणुकीत वास्को मतदारसंघात ३५ हजारांच्या आसपास मतदार होते आणि मुरगाव मतदारसंघात २० हजारांच्या आसपास. हे दोन मतदारसंघ एकमेकांना लागून, एकाच तालुक्यात, एकाच नगरपालिकेच्या हद्दीत येतात. वास्कोतल्या माणसाने घर बदललं आणि थोडं पलीकडे मुरगाव मतदारसंघातल्या हेडलँड सडा भागात राहायला गेला तर त्याचं मत पावणेदोन पट झालं. उत्तर प्रदेश आणि गोव्याची तुलना दूरची वाटत असेल तर ही दहा मिनिटांच्या अंतरावरची आहे.

खरा खेळ रेषेचा

आकडे बरोबर वाटले तरी रेषेने निकाल बदलता येतो. समजा तीन मतदारसंघ, प्रत्येकी ३६ हजार लोक, एकूण १ लाख ८ हजार, त्यात एका समाजाचे ४० हजार. हे ४० हजार तिन्हीकडे सारखे पसरवले तर प्रत्येक ठिकाणी ते ३७ टक्के, कुठेच जिंकत नाहीत. दोन मतदारसंघांत २० हजार आणि २० हजार येतील अशी रेषा काढली तर दोन्ही ठिकाणी बहुमत, दोन आमदार. आणि बहुतेकांना एकाच मतदारसंघात कोंबलं तर एक. माणसं तीच, घरं तीच, प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या अगदी सारखी, आणि उत्तर शून्य, एक किंवा दोन. लोकसंख्येची समानता ही अट पाळूनसुद्धा हे करता येतं, म्हणून ती अट आवश्यक आहे पण पुरेशी नाही.

गोव्यात तर मतदारसंघच इतके लहान की एक वाडा इकडचा तिकडे केला तरी पुरतं. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला आणि फोंड्याचा ७७ मतांनी. सत्तर-ऐंशी मतं म्हणजे एका वाड्यावरची पंधरा-वीस घरं.

उलट बाजूचं उदाहरण काणकोणचं. त्या तालुक्यात आधी काणकोण आणि पैंगीण असे दोन मतदारसंघ होते. २००१ साली तालुक्याची लोकसंख्या ४४ हजारांच्या आसपास, म्हणजे सरासरीच्या १.३ पट, दोन आमदार हिशोबात बसत नव्हतेच. २०१२ पासून एकच. गणित बघितलं तर निर्णय बरोबर होता. पण आगोंद ते लोलये-पोळे आणि वर खोतीगाव-गावडोंगरी एवढा मुलूख एका आमदाराकडे, डोंगर आणि अभयारण्य धरून, आणि पणजीच्या आमदाराला त्याचा मतदारसंघ पायी फिरता येतो. सांगे, वाळपई, पर्ये यांचंही तेच. क्षेत्रफळावर जागा द्या असं मी म्हणणार नाही, झाडांना मत नसतं. पण आयोगाला सरासरीपासून थोडं कमी-जास्त करायची मोकळीक असते, मागच्या वेळी ती साधारण दहा टक्क्यांची धरली होती, आणि भूगोल, दळणवळण, तालुक्याच्या सीमा बघायला कायदाच सांगतो. ही मोकळीक खोतीगावसारख्या ठिकाणी वापरायची असते, पावलाच्या अंतरावर दोन असमान मतदारसंघ ठेवायला नव्हे.

५६६ ते दीड लाख

या सगळ्यात गोव्यात सर्वात मोठा अन्याय कुणावर झाला असेल तर तो अनुसूचित जमातींवर, आणि तो फक्त तारखांमुळे झाला. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ च्या सुरुवातीला. जनगणना झाली होती २००१ ला. त्यामुळे त्या जनगणनेत गोव्यातली जमातींची लोकसंख्या नोंदली गेली ५६६, अख्ख्या राज्यात. मतदारसंघांची पुनर्रचना त्याच आकड्यांवर झाली, म्हणून राखीव जागा शून्य. अनुसूचित जातींसाठी पेडण्याची एक जागा राखीव आहे, जमातींसाठी एकही नाही. २०११ च्या जनगणनेत तोच आकडा १ लाख ४९ हजार २७५ निघाला, लोकसंख्येच्या १०.२३ टक्के. ४० जागांत चार. माणसं २००१ लाही इथेच होती, केप्यात, सांग्यात, काणकोणात, फोंड्यात, साष्टीत, फक्त कागदावर नव्हती. २०१२, २०१७, २०२२ अशा तीन निवडणुका तशाच गेल्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यासाठी खास कायदा मंजूर केला, ज्यात नवीन आकडे धरून निवडणूक आयोगाने गोव्यातल्या राखीव जागा ठरवायच्या असं म्हटलंय. चार जागा कुठल्या हा आता पुढचा प्रश्न. जमातींसाठी नियम असा की ज्या मतदारसंघांत त्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त ते राखीव करायचे, त्यामुळे परत सगळं रेषांवरच येतं, एखाद्या समाजाची गावं दोन-तीन मतदारसंघांत फाटलेली असतील तर कुठेच प्रमाण वर येणार नाही. महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव ठेवण्याचा २०२३ चा कायदाही जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेलाच जोडलेला आहे. ४० मधल्या १३ जागा म्हणजे लहान बदल नव्हे.

आपण बोलायचं कधी आणि कुठे?

पुनर्रचना आयोगाचा अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश असतो, सोबत निवडणूक आयोग आणि राज्य निवडणूक आयोगाचे प्रतिनिधी. राज्यातले काही खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, बोलू शकतात पण त्यांना मत नसतं. अंतिम आदेश निघाला की त्याला कायद्याचा दर्जा मिळतो. तो लोकसभेत आणि विधानसभेत मांडला जातो, पण त्यात दुरुस्ती करता येत नाही, आणि कोर्टात जायचा रस्ताही फार अरुंद असतो.

म्हणजे बोलायची वेळ ही मसुदा आणि अंतिम आदेश यांच्या मधलीच. मसुदा राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या किमान दोन वर्तमानपत्रांत छापावा लागतो, हरकतींसाठी तारीख द्यावी लागते, आणि जाहीर सुनावणी घ्यावी लागते. तिथे 'आमच्या गावावर अन्याय झाला' एवढंच सांगून भागत नाही, कारण तसं प्रत्येकजण सांगतो. आपल्या पंचायतीची जनगणनेतली लोकसंख्या किती, मसुद्यातल्या मतदारसंघाची किती, बाजूच्याची किती, सरासरीपासून दोन्ही किती टक्के लांब, आपला गाव इकडे घेतला तर दोन्ही आकडे जवळ येतात की दूर जातात, बाजार, हायस्कूल, बस कुठल्या बाजूला जाते, हे एका कागदावर लिहून नेलं तर आयोगाला त्याचा विचार करावा लागतो. पक्षांकडे हे काम करणारी माणसं असतात आणि ती त्यांच्या सोयीची रेषा घेऊन येणारच. ग्रामसभांनी, क्लबांनी, कोमुनिदादींनी (गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थांनी) आपापल्या गावाचे आकडे आधीच काढून ठेवले तर सुनावणीच्या खोलीत दुसराही नकाशा असेल.